झरीहून निघालेली तक्रार : बालकल्याण समितीची पंचवीस वर्षे

‘बालकल्याण समिती’ हे नाव आपल्या कारभारात आले ते २००० च्या बाल न्याय कायद्यामुळे. हा कायदा १ एप्रिल २००१ रोजी अमलात आला आणि १९८६ च्या कायद्यातल्या बालकल्याण मंडळांची जागा समित्यांनी घेतली. त्यामागची परंपरा मात्र बरीच जुनी आहे. मुंबई इलाख्यात १९२४ चा आणि मध्यप्रांतात १९२८ चा मुलांचा कायदा होता. यवतमाळ जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात नव्हता, त्यामुळे मुंबईत रुजलेल्या बालकल्याणाच्या कामाचा वारसा इकडे थेट आला नाही. या जुन्या कायद्यांनी डोळ्यांसमोर ठेवलेले मूल होते भटकणारे, भीक मागणारे, चोरी करताना सापडलेले. त्याला रस्त्यावरून उचलायचे आणि सुधारगृहात ठेवायचे, एवढाच त्यांचा आवाका. मूल स्वतः काही सांगू पाहते, त्याला कुणाविरुद्ध तक्रार असू शकते आणि ती ऐकायला कुणीतरी बसलेले असले पाहिजे, हा विचार त्यांत नव्हता. १९८६ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि त्याच वर्षी देशभरासाठी एकच बाल न्याय कायदा झाला, तेव्हाही प्रश्न मुलांना कुठे ठेवायचे हाच होता. म्हणून या संस्थेचा इतिहास लिहिताना किती मुले दाखल झाली आणि किती घरी परतली हा हिशेब मी दुय्यम मानतो. मुलावर अत्याचार झाल्याची कुजबुज कानावर आल्यापासून पहिल्या चोवीस तासांत समितीने आणि तिच्याभोवतीच्या यंत्रणेने काय केले, ही तिची खरी कसोटी आहे. ही कसोटी लावून पाहण्यासाठी झरी जामणीइतका योग्य तालुका महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

विदर्भाच्या मातीत या कसोटीची सुरुवात समितीच्या जन्माआधीच झाली होती. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर ठाण्यातल्याच पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, आरडाओरडा झाला नाही, असा न्यायालयाचा तर्क होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मुलीच्या बोलण्यापेक्षा तिच्या अंगावरच्या खुणांवर अधिक भरवसा ठेवणारी ही विचारपद्धती एका निकालापुरती नव्हती. ठाण्याचा अंमलदार, आश्रमशाळेचा अधीक्षक, गावचा पुढारी, सगळे याच पद्धतीने विचार करत आले. समितीला मिळालेला वारसा असा आहे, आणि तिचे यशापयश त्याच्याशी ताडूनच पाहावे लागते.

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा, अलीकडे वणी आणि पांढरकवडा. इथे कोलामांचे पोड म्हणजे वाड्या आहेत, गोंडांची गावे आहेत. कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या महाराष्ट्रातल्या तीन अतिदुर्बल आदिम जमाती. त्यांतल्या कोलामांची मोठी वस्ती याच पट्ट्यात आहे. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे शंभर किलोमीटर दूर आणि आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पांढरकवड्याला. या तालुक्याचे नाव राज्यभर गाजले ते कुमारी मातांच्या प्रश्नामुळे. बाहेरून आलेल्या आणि गावातल्याही पैसेवाल्या पुरुषांनी लग्नाचे आमिष दाखवून, मजुरीचा धाक घालून आदिवासी मुलींचे शोषण केले आणि अंगावर मूल टाकून ते निघून गेले, ही हकिगत वर्तमानपत्रांनी छापली आणि महिला आयोगापर्यंत पोहोचली. पाहण्या झाल्या. सरकारचा आकडा आणि सामाजिक संघटनांचा आकडा मात्र जुळला नाही आणि बराचसा वाद त्या आकड्यांभोवतीच फिरत राहिला. कुमारी माता किती आहेत, हे सर्वांनी मोजले. त्यांतल्या किती जणी गरोदर राहिल्या तेव्हा अल्पवयीन होत्या, किती प्रकरणांत गुन्हा दाखल झाला, किती पुरुषांवर खटला चालला, ही मोजणी त्याच तळमळीने झाली नाही. मुलीला शिलाई मशीन मिळाले, घरकुलाची आश्वासने झाली, आणि हे सारे आवश्यकही होते. पण मदतीच्या यादीत नाव आलेल्या मुलीची तक्रार कुठल्या नोंदवहीत आली, हे विचारले गेले नाही. पीडितेला लाभार्थी केले की गुन्हा नजरेआड होतो. झरी जामणीचा हा अनुभव समितीच्या इतिहासात पहिल्या पानावर नोंदवावा इतका महत्त्वाचा आहे.

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी पोक्सो कायदा, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, अमलात आला. अठरा वर्षांखालील मुलीचे गरोदरपण ही यापुढे केवळ सामाजिक समस्या राहिली नाही. ती स्वतःच गुन्ह्याची माहिती ठरली. कलम १९ प्रमाणे अशी माहिती किंवा नुसती शंका असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यायची आहे. पोलिसांनी तिची नोंद करायची, तीही मुलाला कळेल अशा सोप्या भाषेत. मुलाची भाषा वेगळी असेल तर दुभाषा द्यायचा. चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचे नाही. अत्याचार करणारा घरातलाच असेल किंवा मूल संस्थेत राहत असेल, तर त्याला समितीसमोर न्यायचे आणि त्याला तिथून हलवायचे की नाही हे समितीने तीन दिवसांत ठरवायचे. २०२० च्या नियमांनी खटला संपेपर्यंत मुलासोबत राहणारी सहायक व्यक्ती नेमण्याची आणि अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या खर्चासाठी पैसे देण्याची शिफारस करण्याची वाटही समितीला दिली. हे सगळे झरीच्या नकाशावर ठेवून पाहा. कोलामी ही तेलुगूच्या कुळातली, मराठीहून पूर्ण वेगळी द्राविडी भाषा. बारा वर्षांच्या कोलाम मुलीला तिच्यावर झालेला प्रकार मराठीत सांगायला लावणे आणि तिच्या अडखळण्याला विसंगती समजणे हा अन्याय आहे. कायद्याने देऊ केलेला दुभाषा प्रत्यक्षात मिळतो की मुलीचाच कुणी नातेवाईक दुभाषा म्हणून उभा राहतो, यावर अनेकदा खटल्याचे भवितव्य ठरते. कारण अनेक प्रकरणांत आरोपीही ओळखीतला, नात्यातलाच असतो.

कळवण्याचे बंधन पाळले नाही तर काय होते, हे शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याने २०१९ मध्ये दाखवले. राजुरा येथील एका खासगी इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर लैंगिक अत्याचार होत असल्याचे उघड झाले. तपासात सतरा मुलींची नावे पुढे आली. मुलींची तब्येत बिघडत होती, त्यांच्यावर उपचार होत होते, त्यांच्याभोवती शिक्षक, अधीक्षक, डॉक्टर अशी मोठी माणसे होती. तरी माहिती पोलिसांपर्यंत वेळेत पोहोचली नाही, असे अभियोग पक्षाचे म्हणणे होते. उपचार करणाऱ्या एका डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला. नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तो रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यायमूर्ती अजय रस्तोगी व न्यायमूर्ती सी. टी. रविकुमार यांनी खंडपीठाचा आदेश फिरवला. डॉक्टर दोषी आहे की नाही हे खटल्यात ठरेल. पण माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि अनेकदा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असे न्यायालयाने बजावले. या निकालाचा अर्थ आश्रमशाळेच्या प्रत्येक अधीक्षकाने, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रत्येक परिचारिकेने समजून घेतला पाहिजे. शहानिशा करणे हे त्यांचे काम नाही. संस्थेची अब्रू, वरिष्ठांची परवानगी, आधी आपापसांत चौकशी, यांपैकी कशालाही कायद्यात जागा नाही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र पूर्ण संरक्षण आहे.

यावर पहिला आक्षेप नेहमी येतो तो खोट्या तक्रारींचा. राजुऱ्याच्या वेळी काही राजकीय पुढाऱ्यांनी, भरपाईच्या आशेने पालक तक्रारी करतात, अशा अर्थाचे बोलून दाखवले आणि त्यावर संताप उसळला. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, अनुसूचित जमातीच्या पीडितांना अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही मदत मिळते. पण त्या मदतीसाठी मुलीने वैद्यकीय तपासणी, पोलिसांचे जबाब, न्यायालयातली उलटतपासणी आणि गावाची नजर हे सारे सोसायचे असते. पैशासाठी म्हणून एवढे सोसण्याचा आरोप सतरा कुटुंबांवर करायचा असेल, तर तो करणाऱ्याने पुरावा द्यायला हवा. तरीही हा आक्षेप मी झटकून टाकत नाही, कारण यंत्रणेच्या घाईनेही मुलांचे नुकसान होते. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या क्लीव्हलंड भागात काही महिन्यांत १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निदान डॉक्टरांनी केले, त्यात एका शारीरिक लक्षणावर नको तेवढा भर दिला गेला, मुले आईवडिलांपासून तोडली गेली आणि पुढे बहुतेक घरी परत पाठवावी लागली. न्यायमूर्ती एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्या चौकशीने १९८८ मध्ये या घाईवर ठपका ठेवला. त्याच इंग्लंडमधल्या रॉदरहॅममध्ये १९९७ ते २०१३ या काळात किमान १४०० मुलांचे शोषण झाले आणि तक्रारी येत असूनही पोलीस आणि समाजकल्याण खाते यांनी त्यांकडे पाठ फिरवली, असे २०१४ च्या अॅलेक्सिस जे अहवालाने सांगितले. या दोन्ही घटना शेजारीशेजारी ठेवल्या की क्लीव्हलंडची चूक तक्रार ऐकण्यात नव्हती हे दिसते. चूक होती ऐकण्याआधी निष्कर्ष काढण्यात, मुलाशी नीट न बोलता एका चाचणीवर विसंबण्यात. रॉदरहॅमचीही चूक तीच, फक्त निष्कर्ष उलटा. आपल्या कायद्याने नोंद आणि निवाडा हे वेगळे ठेवले आहेत. नोंद लगेच व्हावी, सामाजिक तपास अहवाल पंधरा दिवसांत यावा, समितीची चौकशी चार महिन्यांत पुरी व्हावी, गुन्ह्याचा निर्णय न्यायालयाने द्यावा. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला शिक्षेची तरतूद आहे; मुलाला मात्र खोट्या माहितीबद्दल शिक्षा नाही. ही विभागणी पाळली तर निरपराधालाही संरक्षण मिळते.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे आणि झरीच्या संदर्भात तो टाळता येणार नाही. आदिवासी समाजात तरुण वयात एकत्र राहण्याच्या चालीरीती आहेत. सोळा-सतरा वर्षांच्या जोडप्याला पोक्सोच्या कचाट्यात पकडून मुलाला तुरुंगात आणि मुलीला बालगृहात पाठवणे हे संरक्षण कसले, असा तो प्रश्न. कळवण्याच्या सक्तीमुळे मुली दवाखान्यात येईनाशा होतात, हेही आरोग्यसेविका सांगतात आणि ते खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीच्या बाबतीत, ती किंवा तिचे पालक विनंती करतील तर, डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही असे म्हटले, ते याच भीतीपोटी. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये संमतीचे वय कमी न करण्याची, पण अशा प्रकरणांत न्यायालयाला तारतम्याची मोकळीक देण्याची शिफारस केली. पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केलेली दोषसिद्धी पुन्हा बहाल केली. पण मे २०२५ मध्ये, तोवर प्रौढ झालेल्या त्या मुलीची स्थिती पाहून, आरोपीला तुरुंगात पाठवायचे नाही असे ठरवले. त्या प्रकरणात समाज, कुटुंब आणि कायद्याची यंत्रणा या सर्वांनीच तिला वाऱ्यावर सोडले हे न्यायालयाने स्पष्टपणे नोंदवले. पोलिसांनी समितीला वेळेत कळवले असते, समितीने तिची काळजी घेतली असती, तर तिला निवडीची संधी राहिली असती. माझ्या मते या आक्षेपाचे उत्तर इथेच आहे. कळवणे म्हणजे शिक्षा देणे नव्हे. मुलगी आणि मुलगा खरोखर बरोबरीचे आहेत की तिच्या गरिबीचा कुणी फायदा उचलला आहे, हे ओळखणारी पहिली जागा समिती आहे. झरीतल्या ज्या मुलींना ठेकेदार, सावकार, बाहेरचे पुरुष सोडून गेले, त्यांच्या बाबतीत चालीरीतींचे निमित्त पुढे करणे म्हणजे शोषण करणाऱ्याला आदिवासींच्या परंपरेमागे लपू देणे होय.

आता राहिला खुद्द यंत्रणेविरुद्धच्या तक्रारीचा प्रश्न. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार झाला. पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी ठाण्यात तासन्‌तास थांबावे लागले, असा आरोप झाला, आणि २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, शाळेच्या प्रमुखांवर न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला, पोलीस अधिकारी निलंबित झाले, माजी न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली. बदलापूरला लोकल आहे, कॅमेरे आहेत, हजारो पालक आहेत. एखाद्या पोडावरून निघालेल्या बापाला ठाण्यात असेच बसवून ठेवले, तर रूळ अडवायला कोण जाणार? म्हणूनच यंत्रणेविरुद्धच्या तक्रारीची शांत, लेखी, रोजच्या वापरातली वाट दुर्गम तालुक्यांना शहरांपेक्षा जास्त लागते. ती वाट कायद्यात आहे. दखलपात्र गुन्हा नोंदवून न घेणारा पोलीस अधिकारी स्वतः शिक्षेला पात्र ठरतो. बालकल्याण समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जिल्हाधिकारी हे तक्रार निवारण अधिकारी आहेत. मुलाशी संबंधित कुणीही त्यांच्याकडे अर्ज करू शकतो आणि त्यांनी दोन्ही बाजू ऐकून आदेश द्यायचा असतो. समितीच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. सलग तीन महिने गैरहजर राहणाऱ्या किंवा अधिकाराचा गैरवापर करणाऱ्या सदस्याला पदावरून काढता येते. महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोग २००७ पासून आहे. त्याच्या शिफारशी बंधनकारक नसल्या तरी त्याला चौकशीत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

काही समिती सदस्यांना अशी तक्रार म्हणजे आपल्या अर्धन्यायिक दर्जावरचा घाला वाटतो. तुटपुंज्या मानधनावर, रिक्त जागा सांभाळून आम्ही काम करायचे आणि वर लोकांनी आमच्याविरुद्ध अर्ज करायचे, ही त्यांची खंत समजण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१८ रोजी या रिक्त जागा भरण्याचे आदेश दिले, त्यावरूनच दुखणे किती जुने आहे ते कळते. पण समितीचा अध्यक्ष आणि चार सदस्य यांना प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या खंडपीठाइतके अधिकार दिले आहेत. मूल आईपासून वेगळे ठेवण्याचा आदेश ते देऊ शकतात. एवढा अधिकार हाती असलेल्या संस्थेने आपल्याविरुद्धच्या तक्रारीला शत्रू मानू नये. देसाईगंज, राजुरा, बदलापूर, या प्रत्येक टप्प्यावर यंत्रणा सुधारली ती तिच्याविरुद्ध कुणीतरी बोलल्यामुळे. आतून आलेल्या अहवालाने ती सुधारल्याचे उदाहरण शोधावे लागते.

कायद्याने समितीने महिन्यात किमान वीस दिवस बसले पाहिजे आणि महिन्यातून किमान दोनदा बालसंस्थांना भेटी दिल्या पाहिजेत. झरी जामणीसाठी यातून तीन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. समितीच्या काही बैठका ठरलेल्या दिवशी पांढरकवडा किंवा झरी येथे घेतल्या जाव्यात, म्हणजे एका मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला यवतमाळच्या फेऱ्यांत आठवडा घालवावा लागणार नाही. कोलामी आणि गोंडी जाणणाऱ्या, मुलीच्या नात्यात किंवा गावात नसलेल्या, प्रशिक्षित आणि मानधन मिळणाऱ्या दुभाष्यांची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने तयार ठेवावी. त्यात स्त्रिया असाव्यात. आणि अल्पवयीन मातांची नोंद आरोग्य विभाग, पोलीस आणि समिती यांनी दर तीन महिन्यांनी एकत्र बसून ताडून पाहावी, म्हणजे दवाखान्याच्या नोंदवहीत असलेली मुलगी समितीच्या नोंदवहीतून गळणार नाही. ग्राम बाल संरक्षण समित्या कागदावर आहेत. सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका त्यांत आहेत. त्यांच्या बैठका नियमित झाल्या तर पहिली खबर गावातच पकडता येईल. आरोपी गावातलाच वजनदार माणूस असेल तेव्हा मात्र गावची समिती पुरेशी नाही, हेही मान्य करून थेट तालुक्याबाहेर पोहोचणारी वाट उघडी ठेवावी लागेल.

ती वाट आजही आहे. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली चाइल्डलाइनची १०९८ ही सेवा २०२३ पासून सरकारी यंत्रणेमार्फत चालते आणि ११२ या क्रमांकाशी जोडलेली आहे. फोन मोफत आहे, मूलही करू शकते. ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्या शिक्षकांना, आशा आणि अंगणवाडी सेविकांना, पोलीस पाटलांना एवढीच विनंती आहे : एखाद्या मुलाबद्दल शंका आली तर खात्री होण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी कळवा. पोलिसांनी किंवा समितीने ऐकले नाही तर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा, त्यात तारीख घाला आणि आवक-जावक टेबलावरून पोच घेतल्याशिवाय परतू नका.